स्थूल अर्थशास्त्र कोणत्या क्रमाने करायचं: राज्यसेवा आणि संयुक्त पूर्वसाठी एकवीस दिवसांची पद्धत

जळगावच्या अभ्यासिकेत मी अर्थशास्त्र शिकवतो. चोपडा, पारोळा, साक्री, शहादा अशा तालुक्यांतून मुलंमुली येतात. जवळपास प्रत्येकाच्या वहीचं पहिलं पान सारखंच निघतं: रेपो दर, रिव्हर्स रेपो, सीआरआर, एसएलआर आणि त्यांचे चालू आकडे. रेपोची व्याख्या (रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज ज्या दराने देते तो) विचारली की घडाघडा येते. मग मी विचारतो, ‘रेपो वाढला तर तुझ्या वडिलांना ट्रॅक्टरसाठी नवं कर्ज काढताना काय फरक पडेल?’ तिथे वर्ग गप्प होतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी म्हणाली, ‘सर, समजस, पन ध्यानमा ऱ्हात नही.’ तिची वही पाहिली तेव्हा कारण दिसलं. शेवटचा धडा तिने सगळ्यात आधी केला होता. पैसा म्हणजे काय हे करण्याआधी पैशाचे दर, उत्पन्न करण्याआधी तूट.

या विषयात एक संकल्पना दुसरीच्या खांद्यावर उभी असते. क्रम चुकला की पाठांतराशिवाय हातात काही उरत नाही, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोग नेमका पाठांतराच्या फटीत बोट घालतो. खालचा क्रम मोडू नका.

## तयारी: पहिल्या दिवशी एवढंच

1. एकच मूळ पुस्तक ठरवा. राज्य मंडळाचं अकरावी-बारावीचं अर्थशास्त्र पायासाठी पुरतं. त्याच्या जोडीला बाजारातला एकच संदर्भग्रंथ घ्या. टेबलावर चार पुस्तकं असली की एकही पुरं होत नाही.

2. आयोगाच्या संकेतस्थळावरून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवा आणि त्यातले फक्त अर्थशास्त्राचे प्रश्न वेगळे करा. ते आज सोडवायचे नाहीत.

3. दोनशे पानी वही घ्या. मागची वीस पानं शब्दांसाठी राखून ठेवा. मराठी पुस्तकांत एकाच गोष्टीला तीन-तीन नावं असतात. ‘स्थूल’, ‘सकल’ आणि ‘ढोबळ’ हे तिन्ही शब्द उत्पन्नाच्या धड्यात एकच आहेत. ‘देशांतर्गत’ आणि ‘देशी’ एक, पण ‘राष्ट्रीय’ वेगळा. ‘चलनवाढ’ आणि ‘भाववाढ’ परीक्षेत एकाच अर्थाने येतात. नवा शब्द भेटला की त्याची सगळी नावं एका ओळीत लिहा, शेवटी इंग्रजी नावही. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापलेली असते. मराठी शब्द अडला तर शेजारची इंग्रजी ओळ वाचायची सवय आतापासूनच लागायला हवी.

4. आकडेमोड हाताने करा. परीक्षेत मोबाइल नसतो.

इशारा: चालू आकडे (रेपो किती, वाढीचा दर किती) शेवटच्या आठवड्यात भरायचे. आधी पाठ केले तर ते बदलतात आणि डोक्यात जुना-नवा दोन्ही राहतात.

## टप्पा 1 (दिवस 1): साठा आणि प्रवाह

भुसावळकडच्या मुलांना मी हतनूर धरणाचं उदाहरण देतो. धरणात आज पाणी किती, हा साठा. तो अमुक तारखेला मोजतात. दरवाजे उघडल्यावर सेकंदाला किती पाणी सुटतं, हा प्रवाह. त्याला कालावधी लागतो. अर्थशास्त्रातली प्रत्येक राशी या दोनपैकी एका खणात बसते.

साठा: संपत्ती, सरकारचं एकूण कर्ज, परकीय चलन गंगाजळी, पैशाचा पुरवठा, गोदामातला माल.

प्रवाह: राष्ट्रीय उत्पन्न, बचत, गुंतवणूक, निर्यात, राजकोषीय तूट, गोदामातल्या मालात वर्षभरात झालेला बदल.

शेवटच्या जोडीकडे पुन्हा पाहा. गोदामातला माल साठा आहे, पण त्यातला वर्षाचा बदल प्रवाह आहे. तूट आणि कर्ज यांचंही तसंच नातं: दरवर्षीची तूट कर्जाच्या साठ्यात भर घालते. म्हणून ‘यंदा तूट कमी झाली, म्हणजे कर्ज कमी झालं’ हे विधान चूक ठरतं. तूट कमी झाली तरी शून्य झालेली नाही, म्हणजे कर्ज वाढलंच, फक्त हळू वाढलं.

तपासणी: बँकेतली शिल्लक आणि महिन्याचा पगार. कोणता साठा, कोणता प्रवाह? क्षणभरही थांबावं लागलं तर टप्पा 2 उद्या.

## टप्पा 2 (दिवस 2): टक्के आणि टक्केबिंदू

हा टप्पा लहान आहे, पण तो गाळणारे पुढे चार ठिकाणी अडखळतात. रेपो 6 टक्क्यांवरून 6.5 टक्के झाला, तर वाढ अर्धा टक्काबिंदू, म्हणजे 50 आधारबिंदू. टक्क्यांत विचारलं तर उत्तर 8.33 येतं, कारण 6 वर 0.5 वाढला. निर्देशांक 150 वरून 165 झाला तर 15 अंकांची वाढ आणि 10 टक्के. अशी वीस गणितं करा आणि पुढे चला.

## टप्पा 3 (दिवस 3 ते 8): राष्ट्रीय उत्पन्न

इथे सहा दिवस लागतात आणि ते द्यायलाच हवेत. पुढचं सगळं याच्यावर बसतं.

3.1 मूल्यवर्धन आधी, व्याख्या नंतर. कापसापासून सुरुवात करा. आकडे सोपे धरू. शेतकऱ्याने कापूस 60,000 रुपयांना विकला (त्याचा बाहेरून घेतलेला निविष्ठांचा खर्च शून्य मानू). जिनिंगवाल्याने रुई 72,000 ला विकली. सरकी हिशोबातून सोडा. सूतगिरणीने सूत 95,000 ला विकलं. त्याचं कापड 1,30,000 ला ग्राहकाच्या हाती गेलं.

सगळी विक्री मिळवली तर 3,57,000 येतात. हे उत्तर चूक आहे, कारण त्यात तोच कापूस चार वेळा मोजला गेला. प्रत्येकाने किती भर घातली ते मांडा: 60,000, 12,000, 23,000, 35,000. बेरीज 1,30,000. शेवटच्या कापडाची किंमतही तेवढीच. उत्पादन पद्धतीने मोजा किंवा अंतिम खर्चाने, आकडा एकच का येतो हे या एका उदाहरणात दिसतं. ते वहीत स्वतःच्या हाताने मांडा. गावात केळी असेल तर केळीचं मांडा, डाळमिल असेल तर डाळीचं.

3.2 काय मोजायचं, काय सोडायचं. इथे सर्वाधिक गुण जातात.

- धुळ्याच्या बाजारात जुना ट्रॅक्टर विकला: मोजायचा नाही, तो बनला त्या वर्षीच मोजला गेला. दलालाचं कमिशन मात्र या वर्षीची सेवा आहे, ते मोजायचं.
- शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी: मोजतात.
- स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं मानीव भाडं: मोजतात.
- आईने घरात केलेला स्वयंपाक: मोजत नाहीत. हे अन्यायाचं आहे असं मलाही वाटतं, पण उत्तरपत्रिकेत नियमच लिहायचा.
- वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती: हस्तांतरण आहे, मोजत नाहीत.
- शेअरची खरेदी: मोजत नाहीत.

3.3 ‘देशांतर्गत’ आणि ‘राष्ट्रीय’. देशांतर्गत म्हणजे हद्द, राष्ट्रीय म्हणजे रहिवासी. राज्याच्या पातळीवर हे लवकर कळतं. शहाद्याचा मजूर सुरतच्या कारखान्यात काम करतो, तर त्याचं उत्पादन गुजरातच्या स्थूल राज्यांतर्गत उत्पादनात जातं. हाच विचार देशाला लावा. स्थूल देशांतर्गत उत्पादनात परदेशातून मिळालेलं निव्वळ घटक उत्पन्न (मजुरी, व्याज, नफा, भाडं; आलेलं वजा गेलेलं) मिळवलं की स्थूल राष्ट्रीय उत्पन्न मिळतं.

इशारा: ‘दुबईतल्या मुलाने घरी पाठवलेले पैसे’ आणि ‘परदेशातून आलेलं घटक उत्पन्न’ हे एक समजू नका. अनेक वर्षं तिकडे स्थायिक असलेला माणूस तिथला रहिवासी धरला जातो. त्याने पाठवलेले पैसे हे हस्तांतरण आहे. ही जोडी व्यवहारतोलात (टप्पा 7) पुन्हा येणार आहे.

3.4 तीन पायऱ्यांचं गणित. स्थूलमधून घसारा (यंत्रं, इमारतींची झीज) वजा केला की निव्वळ. देशांतर्गतमध्ये परदेशी निव्वळ घटक उत्पन्न मिळवलं की राष्ट्रीय. बाजारभावातून निव्वळ अप्रत्यक्ष कर (कर वजा अनुदान) वजा केले की घटक किंमत. या तीनच हालचाली आहेत. आठ सूत्रं वेगवेगळी पाठ करू नका. घटक किमतीला मोजलेलं निव्वळ राष्ट्रीय उत्पादन म्हणजे पाठ्यपुस्तकातलं राष्ट्रीय उत्पन्न.

यात एक बदल लक्षात ठेवा. जानेवारी 2015 मध्ये 2011-12 हे आधारवर्ष असलेली मालिका आली, तेव्हापासून क्षेत्रवार आकडे ‘मूलभूत किमतींना स्थूल मूल्यवर्धन’ असे येतात. त्यात उत्पादनांवरचे कर मिळवून उत्पादनांवरची अनुदानं वजा केली की बाजारभावाचं स्थूल देशांतर्गत उत्पादन मिळतं. जुन्या नोट्समध्ये घटक किमतीचाच वाढदर मुख्य धरलेला दिसेल. तो भाग खोडा. आधारवर्षं पुढेही बदलत राहतात, म्हणून ती पेन्सिलीने लिहा आणि परीक्षेच्या महिन्यात पुन्हा तपासा.

3.5 चालू किमती, स्थिर किमती. रावेरच्या बागेचं उदाहरण घ्या, आकडे कल्पित. गेल्या वर्षी 100 क्विंटल केळी, भाव 1,500: एकूण 1,50,000. यंदा 90 क्विंटल, भाव 2,000: एकूण 1,80,000. चालू किमतींना 20 टक्के वाढ दिसते. गेल्या वर्षीच्याच भावाने यंदाचा माल मोजा: 1,35,000. म्हणजे प्रत्यक्षात 10 टक्के घट. यंदाच्या 1,80,000 ला 1,35,000 ने भागून 100 ने गुणलं की 133.3 हा अपस्फीतक मिळतो.

तपासणी: चालू किमतीचं उत्पादन 242, अपस्फीतक 110. स्थिर किमतीचं किती? 220 आलं तरच पुढे जा.

## टप्पा 4 (दिवस 9 ते 11): भाववाढ

पहिला गैरसमज इथे घालवा. तूरडाळ 100 वरून 120 झाली, पुढच्या वर्षी 132. भाववाढीचा दर 20 टक्क्यांवरून 10 वर आला, पण डाळ महागतच राहिली. दर घटणं म्हणजे भाव घटणं नाही. भाव प्रत्यक्षात खाली येऊ लागले, दर शून्याखाली गेला, तर ती चलनघट. आयोगाला हा फरक विचारायला आवडतो.

मग दोन निर्देशांक समोरासमोर लिहा. ग्राहक किंमत निर्देशांक राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढतं आणि त्यात सेवा असतात: दवाखाना, शाळेची फी, एसटीचं तिकीट. घाऊक किंमत निर्देशांक वाणिज्य व उद्योग मंत्रालयातलं आर्थिक सल्लागार कार्यालय काढतं आणि त्यात सेवा नसतात. 2011-12 च्या घाऊक मालिकेत कारखानी वस्तूंचा भार 64.23, प्राथमिक वस्तूंचा 22.62 आणि इंधन व विजेचा 13.15. म्हणून केळी-कांदा महागला की घरात चटका लगेच बसतो, पण घाऊक आकडा त्या मानाने कमी हलतो. औद्योगिक कामगारांचा ग्राहक निर्देशांक वेगळा आहे. तो श्रम ब्युरो काढतं आणि महागाई भत्ता त्याच्याशी जोडलेला असतो.

रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ग्राहक निर्देशांकावर आहे: 4 टक्के, वर-खाली 2 टक्केबिंदू. 2016 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती आली, तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं निर्णायक मत. सलग तीन तिमाह्या सरासरी दर या पट्ट्याबाहेर राहिला तर ते अपयश मानलं जातं आणि बँकेला सरकारला कारणं कळवावी लागतात. 2022 मध्ये हे घडलं.

## टप्पा 5 (दिवस 12 ते 14): पैसा, मग रिझर्व्ह बँक

दर अजून उघडू नका. आधी पैसा. एम-1 म्हणजे लोकांकडची रोकड, बँकांमधल्या मागणी ठेवी आणि रिझर्व्ह बँकेकडच्या इतर ठेवी. त्यात बँकांमधल्या मुदत ठेवी मिळवल्या की एम-3. ‘लोकांकडची’ हा शब्द महत्त्वाचा आहे: बँकेच्या तिजोरीत पडलेली रोकड यात धरत नाहीत.

मग पतनिर्मिती. 1,000 रुपये ठेव आली, रोख राखीव प्रमाण (सीआरआर, म्हणजे ठेवींतला रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा हिस्सा) 10 टक्के धरू. बँक 100 ठेवते, 900 कर्जाऊ देते. ते 900 दुसऱ्या बँकेत ठेव होतात, तिथून 810 बाहेर जातात. शेवटी एकूण ठेवी 10,000. चार फेऱ्या स्वतः लिहा. सीआरआर वाढला की कर्ज का आटतं, हे सूत्राविना कळतं.

आता साधनं. एकच प्रश्न विचारायचा: या कृतीने पैसा बाजारातून रिझर्व्ह बँकेकडे आला की तिच्याकडून बाजारात गेला?

- रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे विकले: पैसा तिच्याकडे आला. आकुंचन.
- रोखे विकत घेतले: पैसा बाजारात गेला. विस्तार.
- सीआरआर वाढवला: आकुंचन. या रकमेवर बँकांना व्याज मिळत नाही.
- एसएलआर (वैधानिक रोखता प्रमाण) वाढवला: तो बँकेने स्वतःकडेच रोख, सोनं किंवा मान्य रोख्यांत ठेवायचा असतो, पण कर्जासाठी हात आखडतो. आकुंचन.
- रेपो वाढवला: बँकांना कर्ज महाग, मग ग्राहकालाही. आकुंचन.

सुरुवातीचा ट्रॅक्टरचा प्रश्न इथे सुटतो.

एप्रिल 2022 पासून दरांच्या पट्ट्याचा तळ स्थायी ठेव सुविधा (बँका जादा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात तो दर) आहे, माथा सीमांतिक स्थायी सुविधा (बँकांना तातडीचं कर्ज मिळतं तो दर), मधे रेपो. जुन्या पुस्तकांत तळाला रिव्हर्स रेपो दिसेल. स्थायी ठेव सुविधेत रिझर्व्ह बँकेला तारण म्हणून रोखे द्यावे लागत नाहीत. रिव्हर्स रेपोपासून तिचं वेगळेपण हेच.

चूक जी दरवर्षी होते: ‘बँक दर’ (रिझर्व्ह बँक हुंड्या पुन्हा वटवते तो दर) आणि ‘रेपो दर’ एक समजणं. दोन ओळी वेगळ्या लिहा, वेगळ्या शाईने.

## टप्पा 6 (दिवस 15 ते 17): अर्थसंकल्प आणि तुटी

व्याख्या वाचण्याआधी हा ताळेबंद वहीत उतरवा. सगळे आकडे कोटींत, कल्पित.

जमा: कर 80, करेतर महसूल 20, कर्जवसुली 3, निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकून आलेले पैसे) 7, कर्जउभारणी 40. एकूण 150.

खर्च: महसुली 120 (त्यात व्याज 30, भांडवली मत्ता निर्मितीसाठी दिलेली अनुदानं 8), भांडवली 30. एकूण 150.

महसुली तूट: 120 वजा 100, म्हणजे 20.
प्रभावी महसुली तूट: 20 वजा 8, म्हणजे 12.
राजकोषीय तूट: 150 वजा (100 + 3 + 7), म्हणजे 40.
प्राथमिक तूट: 40 वजा व्याज 30, म्हणजे 10.

राजकोषीय तूट आणि कर्जउभारणी दोन्ही 40 आल्या, तो योगायोग नाही. सरकारला किती उसने घ्यावे लागतात हेच ही तूट सांगते. निर्गुंतवणूक भांडवली जमा असली तरी तिने कर्ज होत नाही, म्हणून ती वजाबाकीत जाते. निम्मी मुलं इथे 7 विसरतात आणि 47 लिहितात.

तपासणी: व्याज 30 ऐवजी 40 असतं आणि बाकी सगळं तसंच, तर प्राथमिक तूट शून्य. याचा अर्थ एका वाक्यात लिहा: यंदाची सगळी उसनवारी जुन्या कर्जाच्या व्याजापोटी गेली. हे वाक्य न अडखळता आलं तर पुढे.

संविधानातला अनुच्छेद 112, वित्तीय उत्तरदायित्वाचा 2003 चा कायदा, 2017 पासून 1 फेब्रुवारीला येणारा आणि रेल्वेसह मांडला जाणारा अर्थसंकल्प, त्याच वर्षी संपलेला योजना-योजनेतर भेद: हे अर्ध्या पानात मावतं. राज्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची महाराष्ट्राची आर्थिक पाहणी घ्या. सगळी वाचायची गरज नाही. राज्य उत्पन्न, कृषी आणि लोकवित्त ही प्रकरणं पुरेत.

## टप्पा 7 (दिवस 18): व्यवहारतोल आणि विनिमय दर

व्यवहारतोल म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या व्यवहारांचा हिशोब. त्यात दोन खाती. चालू खात्यात वस्तू, सेवा, घटक उत्पन्न आणि हस्तांतरणं. भांडवली खात्यात गुंतवणूक आणि कर्ज. आता तीन जोड्या:

परदेशी कर्ज घेतलं: भांडवली खातं. त्याच कर्जाचं व्याज भरलं: चालू खातं.
परदेशी कंपनीने कारखाना काढला: भांडवली. तिने नफा मायदेशी नेला: चालू.
दुबईहून घरखर्चाला आलेले पैसे: चालू.

एक डॉलर 80 रुपयांचा 84 झाला, तर रुपया घसरला. आकडा मोठा झाला म्हणून ‘रुपया वाढला’ असं लिहिणारे असतात. रुईच्या निर्यातदाराला जास्त रुपये मिळतात, खाद्यतेलाच्या आयातदाराला जास्त मोजावे लागतात. बाजाराने खाली आणला तर ती घसरण, सरकारने ठरवून उतरवला तर अवमूल्यन, जसं जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत झालं.

## टप्पा 8 (दिवस 19 ते 21): प्रश्नपत्रिका

आता वेगळे काढलेले प्रश्न उघडा. एका बैठकीत पंचवीस, घड्याळ लावून. प्रत्येक उत्तरापुढे खात्री, अंदाज किंवा कोरं अशी खूण करा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, त्यामुळे चारपैकी दोन पर्याय नक्की बाद करता आले तर अंदाज फायद्याचा. एकही बाद होत नसेल तर सरासरीने हातात फारसं काही पडत नाही, तिथे सोडा.

विधानांच्या प्रश्नात ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘सर्व’ या शब्दांखाली आधी रेघ ओढा आणि ‘अयोग्य विधान ओळखा’ मधल्या ‘अयोग्य’ला गोल करा. अर्थशास्त्र येत असूनही गुण जातात ते बहुतेक इथेच.

चुकलेला प्रश्न उत्तरासह उतरवू नका. त्यापुढे फक्त टप्प्याचा क्रमांक लिहा: 3.2, 5, 6. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते क्रमांक मोजा. माझ्या वर्गात 3.2 बहुतेक वेळा पहिला येतो. जो क्रमांक सर्वाधिक, त्याच टप्प्यावर परत जा, त्याचं उदाहरण नवे आकडे घेऊन पुन्हा सोडवा, आणि मगच रेपो, वाढदर, तूट यांचे चालू आकडे पेन्सिलीने भरायला घ्या.